लोड झाला म्हणजे किती झाला?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. लातूरला राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी पहाटे आग लागल्याचा निरोप आला. आम्ही नांदेडहून मिळाली ती एसटी धरली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत दुपारी लातूर गाठले. माणसे वाचली होती, हे मोठेच. पण एका खोलीचे घर. भिंतीवरचा प्लग वितळून काळा ठिक्कर पडलेला, त्याला जोडलेली वायर जळून गेलेली आणि वायरीखाली रचून ठेवलेल्या वाकळा व शिवायला आलेली कापडे यांची राख झालेली. मेहुणे डाळमिलवर हमाली करतात, बहीण शिलाई मशीन चालवते. जळालेली कापडे गिऱ्हाइकांची होती. म्हणजे आग विझली तरी देणे मागे राहिले.

शेजारपाजारचे जमले होते. कोणी म्हणाले, "शॉर्ट सर्किट झालं." कोणी म्हणाले, "नशीब, दुसरं काय!" बहीण म्हणाली, "दादा, वायरमन म्हणला लोड झाला."

आम्ही विचारले, "लोड झाला म्हणजे किती झाला?"

कोणालाच सांगता येईना. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर, कचेरीत कारकुनी करणारे. विजेतले आम्हाला काही फार कळते असा आमचा दावा नाही. पण हिशेबाच्या वहीत कोणी "खर्च लई झाला" एवढेच लिहिले तर आम्ही ते चालवून घेत नाही. किती झाला, कशावर झाला, हे विचारतो. मग विजेच्या बाबतीत "लोड झाला" एवढ्यावर समाधान का मानायचे?

तेवढ्यात आमची भाची पुढे आली. नववीत आहे. म्हणाली, "मामा, हे आमच्या पुस्तकात आहे. धाराविद्युत धडा. मला त्याच्यात पैकीच्या पैकी मार्क होते."

बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने आम्हाला जागे केले. ज्या मुलीने हा धडा पाठ केला, तिच्याच घरात त्याच धड्याने सांगितलेली गोष्ट घडली, आणि पुस्तकाचा घराशी काही संबंध आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. लातूर तर शिक्षणासाठी महाराष्ट्रभर नावाजलेले गाव, 'लातूर पॅटर्न' म्हणून लांबलांबची मुले तिथे शिकायला येतात. पण मार्कांसाठी पाठ केलेले सूत्र घरच्या भिंतीपर्यंत पोचले नाही, तर ते अर्धेच शिकलो असे म्हणावे लागेल. आजचे हे सदर त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

तीन गोष्टी, दोन हिशेब

विजेत तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पाण्याच्या उदाहरणाने त्या सहज समजतात, आणि २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरकरांना पाण्याची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

उंच टाकीतले पाणी नळाला जोर देते. टाकी उंच असेल तर जोर जास्त. विजेतल्या या जोराला दाब म्हणा, वायरमन व्होल्टेज म्हणतो, पुस्तकात विभवांतर लिहिलेले असते. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी तो २३० व्होल्ट असायला हवा.

नळातून दर मिनिटाला किती पाणी येते, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात.

पाइप बारीक असला, आत गाळ साचलेला असला तर पाण्याला अडथळा होतो. विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात.

हे ओहम नाव एका माणसाचे आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली एका कुलपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी जॉर्ज सायमन ओहम जन्मला. बापाने स्वतःच्या जिद्दीने गणित शिकून पोरांना घरी शिकवले. पुढे हा मुलगा शाळामास्तर झाला आणि १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात छापला. देशातल्या विद्वानांनी आधी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले, तेव्हा कुठे जगाने मान डोलावली. कारागिराच्या पोराने शोधलेला नियम आज कारागिराच्या घरात उपयोगी पडावा, यात नवल नाही.

नियम एवढाच आहे: दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो.

दुसरा हिशेब शक्तीचा. एखादे उपकरण दर क्षणाला किती वीज खाते ती त्याची शक्ती, आणि ती वॅटमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते.

म्हणजे दाब आणि प्रवाह हे दोन आकडे हातात असले की भागाकार करून रोध आणि गुणाकार करून शक्ती. चौथीतल्या मुलाला येणारा हिशेब. उलट बाजूनेही तो करता येतो. उपकरणाच्या पत्र्यावर वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले की किती अँपिअर प्रवाह लागेल ते कळते.

लातूरच्या शेगडीचा हिशेब

बहिणीच्या घरी कॉइलची शेगडी होती. गॅस सिलिंडर संपले की तिच्यावरच स्वयंपाक व्हायचा आणि पहाटे आंघोळीचे पाणीही तिच्यावरच तापायचे. पत्र्यावर लिहिले होते २००० वॅट, २३० व्होल्ट.

वस्तीतला एक आयटीआय झालेला मुलगा आमच्या मदतीला आला. त्याने आधी चांगल्या जाड वायरीची तात्पुरती जोडणी केली. मग संध्याकाळी शेगडी लावून टाँग टेस्टरचा चिमटा एका तारेभोवती धरला. प्रवाह दिसला ६.८ अँपिअर. मीटरने दाब मोजला, तर १८० व्होल्ट. (हे मोजमाप जाणत्या वायरमननेच करावे, आपण उघड्या तारेला हात लावू नये.)

आम्ही भाचीला म्हणालो, "घे वही. दोन आकडे मिळाले. आता सांग."

तिने भागाकार केला. १८० भागिले ६.८, रोध सुमारे २६.५ ओहम. गुणाकार केला. १८० गुणिले ६.८, शक्ती १२२४ वॅट.

ती थबकली. "मामा, शेगडीवर तर २००० लिहिलंय. फसवलं का दुकानदाराने?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही म्हणालो, "रोध शेगडीचा आहे, तो तिच्या कॉइलमध्ये आहे. दाब मात्र तारेवरून येतो, तो कमी-जास्त होतो. आता पूर्ण २३० व्होल्ट आले असे धर." २३० भागिले २६.५ म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर. २३० गुणिले ८.७ म्हणजे २००० वॅट. दुकानदार खरा निघाला. संध्याकाळी दाबच कमी होता.

इथे एक बारकावा आहे. दाब १८० झाला म्हणजे पूर्ण दाबाच्या सुमारे ७८ टक्के. पण शक्ती उतरली ६१ टक्क्यांवर. कारण दाब घटला की प्रवाहही घटतो, आणि दोघांचा गुणाकार दोन्हीकडून मार खातो. दाब निम्मा झाला तर शक्ती निम्मी न होता पाव होते. संध्याकाळी भाकरीचा तवा तापत नाही तो याचमुळे.

आणि पहाटे? पहाटे वस्ती झोपेत असते, तारेवरचा भार उतरतो, दाब भरून येतो. संध्याकाळी ६.८ अँपिअर ओढणारी तीच शेगडी पहाटे ८.७ अँपिअर ओढते. आग पहाटेच का लागली, याचे उत्तर आम्हाला इथे सापडले.

वायर का जळाली?

ज्या पॉइंटला शेगडी जोडली होती तो दिव्याचा साधा पॉइंट, ५ अँपिअरचा. तिथून दहा मीटर पातळ वायर ओढून नेली होती, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची. शेगडीबरोबर त्याच पाटीवर ७५० वॅटची इस्त्रीही होती. ७५० भागिले २३०, म्हणजे आणखी ३.३ अँपिअर. घरातली उपकरणे एकाच वायरीवर लावली की प्रत्येकाचा प्रवाह त्या वायरीत मिळवला जातो. ८.७ आणि ३.३ मिळून १२ अँपिअर. "लोड किती झाला" याचे हे उत्तर: ५ च्या जागी १२.

आता वायरीचा स्वतःचाही थोडा रोध असतो. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३९ ओहम. जाणारी आणि येणारी मिळून वीस मीटर, म्हणजे पाऊण ओहमहून किंचित जास्त, ०.७८ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण वायर किती तापेल ते काढायचे तर प्रवाहाला प्रवाहाने गुणायचे आणि मग रोधाने. हा नियम इंग्लंडच्या जूल नावाच्या शास्त्रज्ञाने मांडला.

तीन हिशेब एकाखाली एक ठेवून पाहा. याच वायरीवर १०० वॅटचा बल्ब लावला तर प्रवाह ०.४३ अँपिअर, वायरीत उष्णता ०.१५ वॅटच्याही आत. वायर गार राहते. २००० वॅटची शेगडी लावली तर प्रवाह वीसपट, पण उष्णता वीस गुणिले वीस म्हणजे चारशेपट, सुमारे ५९ वॅट. शेगडी आणि इस्त्री दोन्ही लावली तर ११२ वॅट. एवढी उष्णता त्या पातळ वायरीत, आणि वायर वाकळांखाली दबलेली, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही.

याहून वाईट जागा म्हणजे जोड. वायर पुरली नाही म्हणून मध्ये पीळ देऊन जोड मारला होता, वर टेप गुंडाळली होती. असा सैल, काळपटलेला जोड अर्धा ओहम रोध सहज धरतो. ८.७ गुणिले ८.७ गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३८ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंगचे यंत्र २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळवते. त्याहून दीडपट उष्णता कापसाच्या वाकळेवर एका बोटभर जागेत ठेवल्यासारखे झाले. मग आग लागणार नाही तर काय होईल?

आणि फ्यूज? तो का उडाला नाही? आम्ही चिनी मातीचा फ्यूज उघडून पाहिला. आत ५ अँपिअरच्या बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार पिळून घातलेली. सारखा फ्यूज जातो म्हणून कोणीतरी केलेला 'पक्का बंदोबस्त'. फ्यूजची तार ही घरची राखणदार असते. प्रवाह वाढला की ती स्वतः जळते आणि घर वाचवते. आपण राखणदाराला बांधून ठेवले आणि चोराला मोकळे रान दिले.

तेव्हा ध्यानात ठेवा. शेगडी, गिझर, पाणी तापवायची कॉइल यांना १६ अँपिअरचा मोठा पॉइंट आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. मध्ये जोड नको. आणि फ्यूज किंवा एमसीबी वायरीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा. "मोठा बसव म्हणजे पडणार नाही" असे वायरमनला सांगू नका.

आपल्या अंगाचा रोध

नांदेडला परतल्यावर आमच्या वस्तीतल्या मायबहिणींना रविवारी जमवून हा हिशेब सांगितला. एका मावशीने विचारले, "दादा, करंट लागून माणूस मरतो, तेव्हा किती अँपिअर लागतात?"

हाही हिशेब तोच आहे. कोरड्या कातडीच्या माणसाचा रोध हजारो ओहम असतो. पण अंग ओले झाले, पाय ओल्या फरशीवर असले, की तो घसरून सुमारे १००० ओहमवर येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. पाव अँपिअरही नाही! ६० वॅटचा पिवळा बल्ब याहून थोडा जास्त, ०.२६ अँपिअर ओढतो. आणि याच्या निम्मा प्रवाहही छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, बादलीत कॉइल सोडलेली असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" बघू नका. आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, मग कॉइल उचला, आणि शेवटी पाण्याला हात लावा. लोखंडी बादली तर वापरूच नका. दुसरी, ६ अँपिअरचा एमसीबी तुम्हाला या धक्क्यातून वाचवणार नाही. त्याच्या हिशेबी ०.२३ अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो पडणारच नाही. तो वायरीला वाचवतो. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरला पडणारा आरसीसीबी लागतो. काही वायरमन त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. त्याच्याबरोबर चांगली अर्थिंग. चार साड्यांच्या पैशांत होणारे हे काम आहे, ते आधी करा.

बिलाचा हिशेब

शक्तीला वेळेने गुणले की युनिट मिळतात. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट.

बहिणीच्या घरचे असे मांडले. शेगडी रोज दीड तास म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. ७५ वॅटचे दोन पंखे उन्हाळ्यात बारा तास, महिन्याला ५४. ९ वॅटचे चार एलईडी दिवे सहा तास, साडेसहा युनिट. टीव्ही ६० वॅटचा, पाच तास, ९ युनिट. इस्त्री महिन्यातून दहा वेळा अर्धा तास, पावणेचार. एकूण १६३ युनिट. शेगडी वगळली तर ७३. महाराष्ट्रात घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त असतो. म्हणजे एकट्या शेगडीने बहिणीला महागड्या टप्प्यात ढकलले होते. "मीटर पळतंय" अशी तिची तक्रार होती. मीटर बरोबर होते, पळत होती ती शेगडी.

दुसरी एक समजूत: "व्होल्टेज कमी आहे तर बिलही कमी येईल." पाणी तापवण्यापुरती ही समजूत खोटी आहे. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागतात. १००० वॅटची कॉइल पूर्ण दाबावर ते काम सव्वीस मिनिटांत करते. १८० व्होल्टवर तिची शक्ती ६१३ वॅट होते आणि तेच काम त्रेचाळीस मिनिटे घेते. युनिट तेवढेच, उलट पाणी निवत राहते म्हणून थोडे जास्तच. वेळ गेला तो वेगळा.

मीटरवर खरोखरच संशय असेल तर घरी प्राथमिक पडताळणी करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरवरच छापलेले असते. समजा ३२०० आहे. घरातले सगळे बंद करून फक्त १००० वॅटची कॉइल पाण्यात सोडून चालू करा. पूर्ण दाब असेल तर दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. दाब २०० व्होल्ट असेल तर कॉइल ७५६ वॅटच खाते, तेव्हा ४० वेळा. सगळे बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला तर वीज कुठेतरी गळते आहे किंवा कोणी तुमच्या मीटरपुढून जोडणी घेतली आहे.

फरक मोठा आढळला तर भांडू नका, लेखी अर्ज द्या. अर्जात आपला हिशेब लिहा आणि पोच घ्या. वीज कायदा २००३ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असे त्याच कायद्याचे ५६ वे कलम सांगते. अर्जात "बिल जास्त आले" एवढेच लिहिणारा माणूस आणि "माझ्या उपकरणांची शक्ती इतकी, तास इतके, युनिट इतके" असे लिहिणारा माणूस, यांच्याकडे साहेब वेगवेगळ्या नजरेने बघतो. हे आम्ही टेबलाच्या अलीकडे बसणारे कारकून म्हणून सांगतो.

हिशेब कुठे फसतो?

खोटी खात्री नको म्हणून दोन ठिकाणे सांगून ठेवतो. भाचीने हौसेने एक जुना १०० वॅटचा बल्ब मीटरने मोजला. हिशेबाने रोध ५२९ ओहम यायला हवा, मीटरने दाखवला चाळीसच्या आसपास. बल्ब गार होता. आतली तार पांढरी होईपर्यंत तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. पुस्तकात ओहमच्या नियमासोबत तारेची अवस्था, तापमान कायम असावे अशी अट असते, ती यासाठी. आपण ते शब्द पाठ करतो आणि विसरतो.

दुसरे ठिकाण मोटार. पंखा, फ्रिज, बोअरची मोटार यांना नुसता दाब गुणिले प्रवाह करून चालत नाही. त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने पुन्हा गुणावे लागते. ६ अँपिअर ओढणाऱ्या मोटारीचा २३० व्होल्टवर गुणाकार १३८० येतो, पण पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर खरी शक्ती ११०४ वॅट. आणि दाब कमी झाला की शेगडीसारखा मोटारीचा प्रवाह कमी होत नाही. भार तोच ओढायचा असल्याने ती उलट जास्त प्रवाह घेते, तापते आणि जळते. उन्हाळ्यात कमी व्होल्टेजवर हट्टाने बोअर चालवणाऱ्यांच्या मोटारी का जळतात, ते यात आले.

परळी आणि बाबासाहेब

हाच हिशेब घराबाहेर किती लांब जातो पाहा. आपल्या शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्रात १९७१ पासून वीज तयार होते. तिथून ती २३० व्होल्टवर नांदेड-लातूरला पाठवायची म्हटले तर लाखो अँपिअरचा प्रवाह लागेल आणि तारा वितळून जातील. म्हणून दाब वाढवून २२० किंवा ४०० किलोव्होल्ट करतात. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते. वाकळ जाळणारा आणि शेकडो मैल वीज पोचवणारा नियम एकच आहे. हिशेब जाणणारा त्याला कामाला लावतो, न जाणणाऱ्याचे घर तो जाळतो.

आणि ही वीज गावोगाव पोचावी यासाठी आधी कोणी डोके लावले? पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे काम त्यांच्याच खात्यात होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षपदावरून त्यांनी मांडले की गरिबी हटवायची तर उद्योग हवेत, आणि उद्योगांना स्वस्त आणि मुबलक वीज हवी. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला, त्यातून राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० चे. २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या.

बाबासाहेबांनी विजेचा विचार भावनेने केला नाही, आकड्यांनी केला. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण आपल्या खोलीतल्या एका पॉइंटचा तरी हिशेब आकड्यांनी करावा, एवढेच आमचे म्हणणे.

बहिणीच्या घरी आता शेगडीला स्वतंत्र जाड वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट आहे. फ्यूज काढून एमसीबी आणि आरसीसीबी बसवले. गिऱ्हाइकांच्या कापडांचे पैसे हप्त्याने फिटत आहेत. पॉइंटशेजारी भिंतीवर भाचीने शाळेच्या वहीतले पान चिकटवले आहे. त्यावर घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट, अँपिअर आणि कुठल्या पॉइंटला लावायचे ते लिहिले आहे. खाली एक ओळ: "आईने इस्त्री आणि शेगडी एका पाटीवर लावू नये."

या रविवारी तुमच्या घरातल्या मुला-मुलीला वही घेऊन बसवा. उपकरणे बंद करून, प्लग काढून, त्यांच्या पत्र्यावरचे आकडे वाचायला सांगा. भागाकार त्याला करू द्या, बाकी घराने बेरीज तपासावी. एका पॉइंटवरची बेरीज त्याच्या अँपिअरपेक्षा जास्त आली तर त्याच दिवशी एक उपकरण तिथून काढा. उद्यावर ठेवू नका. आमच्या बहिणीच्या घरीही ते उद्याच व्हायचे होते.

जयभीम!